पहिली बंदूक, पहिलं रान: मिनेसोटात पक्ष्यांच्या शिकारीची सुरुवात कशी करावी?

रानोमाळ
नमस्कार मंडळी,
मिनियापोलिसजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे, खाण्यात काहीच वर्ज्य नाही. ऑफिसातला एक इथलाच मित्र दर ऑक्टोबरात साउथ डकोटाला फेझंट (लांब शेपटीचा, कोंबड्यासारखा रानपक्षी) मारायला जातो, यंदा मलाही चल म्हणतोय. डीएनआरचा (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) सुरक्षा कोर्स ऑनलाइन करून झाला (३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय लायसन्स नाही). आता गाडी बंदुकीवर अडलीय.

एक म्हणजे बारा बोअर घेऊ की वीस (आकडा मोठा तितकी नळी बारीक)? आणि पंप (प्रत्येक बारानंतर हाताने पुढे-मागे ओढायची), सेमी-ऑटो की वर-खाली दुनळी? हजार डॉलरच्या आत बसवायचंय, त्यातच बूट, काडतुसं आणि नारंगी जाकीट.

दुसरं, पहिल्याच खेपेला साउथ डकोटा गाठावं, की इथे उत्तरेच्या जंगलात ग्राऊज (तितरासारखा जंगली पक्षी) शोधावेत, की पैसे भरून गेम फार्मवर (शिकारीसाठी पाळलेले पक्षी सोडतात तिथे) जावं?

कुत्रा नाही. बायको म्हणते, कुत्रा आणि बंदूक यातलं एकच काहीतरी घरात येईल.

शिकार करावी की नाही हा धाग्याचा विषय नाही. तो निघणार आहेच, पण सांगून ठेवतो.

खोडसाळपंत
कुत्रा घ्या. नेम चुकला तरी तो तुमच्यावर प्रेम करेल.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

डुलुथचा_वारकरी
बारा की वीस यावर इथली माणसं रात्र घालवतात, पण नवख्यासाठी तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. बंदूक अंगाला बसते का, हे आधी बघा.

दुकानात बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्या, नळी कुणाकडे नाही हे बघा. मग डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ डोळ्यासमोर दिसली तर ठीक. नुसता बंदुकीचा मागचा लोखंडी भाग दिसत असेल तर दस्ता तुम्हाला खाली पडतोय. पट्टी रस्त्यासारखी लांबच लांब दिसली तर उंच पडतोय. उडत्या पक्ष्यावर नेम धरायला वेळ नसतो, नजर पक्ष्यावर असते आणि बंदूक नजरेमागे जाते. ती नजरेच्या रेषेत येत नसेल तर दहा हजारांची घेऊनही उपयोग नाही.

आता आपल्या मंडळींची खास अडचण. इथल्या बंदुकांचा दस्ता चाप ते खांदा साधारण चौदा-साडेचौदा इंच असतो, म्हणजे सहा फुटी माणसाच्या बेताने. साडेपाच फुटी माणसाला तो काखेत अडकतो. त्यात नोव्हेंबरात जाड जाकीट चढलं की आणखी अर्धा इंच वाढला समजा. त्यामुळे बंदूक बघायला जाताना शिकारीचं जाकीट घालून जा. ऑगस्ट असला तरी. लोक बघतील, बघू देत.

पंपमध्ये रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० या दोन्ही जुन्या-जाणत्या. मॉसबर्गचा सेफ्टीचा खटका वर, अंगठ्याखाली असतो, डावखुऱ्यांना सोयीचा. ८७० चा चापाच्या मागे आडवा. वापरलेली चांगली बंदूक निम्म्या पैशात मिळते.

रानोमाळ
जाकीट घालून जायचा सल्ला सोन्यासारखा. मी टीशर्टवर बघून आलो होतो.

निरागस_बगळा
निघणार होता तो विषय मी काढते. मी पक्षी बघते, दुर्बिणीने. ज्या पक्ष्याच्या मागे मी तासभर बसते त्याला छर्रे घालून 'आउटडोअर छंद' म्हणणं मला जमत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद झाली, त्याला काही कारण होतं. माळढोकाचं काय झालं ते सोलापूरकरांना विचारा.

पश्चिमेचा_वारा
बगळाताई, माळढोक आणि फेझंट एका तागडीत नका घालू. फेझंट इथला नाहीच. १८८१ मध्ये चीनहून ओरेगनात आणून सोडला, मग देशभर पसरवला. मारायला परवानगी फक्त नराची, आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. वर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शॉटगन-रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो वन्यजीवांच्या कामाला राज्यांकडे जातो. तुम्ही ज्या पाणथळीवर दुर्बीण लावता त्यात माझ्या काडतुसांचेही पैसे असतील.

निरागस_बगळा
कर भरला म्हणून मारणं योग्य ठरतं, हा हिशोब मला पटत नाही. दुर्बिणीवर कर लावा, मी आनंदाने भरीन. ग्राऊज मात्र इथलाच आहे बरं का, त्याचं काय?

डुलुथचा_वारकरी
ग्राऊजची संख्या इथे साधारण दहा वर्षांच्या चक्राने वर-खाली होते, शिकारीशिवायही. त्याला मारते ती जंगलाची वाढ. त्याला अॅस्पेनचं कोवळं, दाट रान लागतं. झाडं म्हातारी झाली की तो तिथून जातो. पण तुमचं म्हणणं मी खोडून काढतोय असं नाही. मारायचं नाही हे उत्तर मला समजतं. मारतो आणि खातो, हे माझं.

कोकणातला_कावळा
अवांतर: आमच्या आजोबांकडे ठासणीची होती, पीक संरक्षणाच्या परवान्याची. वानर आणि डुकरांसाठी. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. तिचा बार झाला की वानर पळायचे आणि आजी ओरडायची, 'धुणं वाळत घातलंय!' दारूच्या धुराने सगळं काळं व्हायचं. आजोबांनी त्या बंदुकीने एकही डुक्कर मारलं नाही, याची मला खात्री आहे.
चालू द्या.

नुकताच_आलेला
माझा प्रश्न थोडा वेगळा. एच-१बी वर आहे. पुढच्या महिन्यात आमच्या टीमची शूटिंग रेंजवर सहल आहे. तिथे भाड्याने बंदूक मिळते. त्यात तर काही अडचण नसावी ना? विकत थोडीच घेतोय.

कलमवाचक
अडचण आहे आणि मोठी आहे. इथे सगळ्यांनी थांबून वाचा.

अमेरिकन संघीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे त्यात आले. 'बाळगणं' म्हणजे मालकी नव्हे. रेंजवर भाड्याची घेऊन दहा मिनिटं हातात धरली तरी तेच. मित्राची 'बघू जरा' म्हणून घेतली तरी तेच.

यातून सुटायच्या वाटा मोजक्या, आणि आपल्या कामाची एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे असेल तर मनाई उठते. वैध म्हणजे मुदत न संपलेलं. मुदत संपली की बंदूक घरात ठेवणंही गुन्हा, म्हणजे नूतनीकरण विसरलात तर कपाटातली बंदूक तुम्हाला गोत्यात आणते. दुकानातून घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे सगळं विचारतात, आणि खोटं लिहिणं वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही.

रेंजच्या काउंटरवरचा पोरगा तुम्हाला काही विचारेलच असं नाही. त्याने विचारलं नाही म्हणून कायदा बदलत नाही. वकिलाशी बोला, मी वकील नाही, पण स्वतः ग्रीन कार्ड येईपर्यंत हे लायसन्स सांभाळून होतो.

नुकताच_आलेला
बाप रे. मॅनेजरला सांगतो, मी फोटो काढीन लांबून. धन्यवाद दादा.

खोडसाळपंत
'टीम बिल्डिंगमध्ये डिपोर्ट झालो' हे लग्नाच्या बायोडेटात शोभून दिसलं असतं.

पश्चिमेचा_वारा
मूळ विषयाकडे. मी सू फॉल्सला राहतो, म्हणून साउथ डकोटाची बाजू मांडतो.

इथे फेझंट आहे म्हणजे आहेच. राज्यपक्षीच तो, ह्युरॉन गावात त्याचा गाडीपेक्षा मोठा पुतळा उभा आहे. हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, सकाळी दहापासून सूर्यास्तापर्यंत, माणशी रोज तीन नर. बाहेरच्यांना लायसन्सवर पाच-पाच दिवसांचे दोन तुकडे मिळतात. मक्याची कापणी उशिरा झाली तर पहिल्या आठवड्यात पक्षी उभ्या मक्यात दडून बसतात, तेव्हा घाईने उद्घाटनालाच यायची गरज नाही. नोव्हेंबरात या, गर्दी ओसरते आणि पक्षी गवतात, दलदलीच्या काठाला येतात.

पण नवख्याने मोठ्या टोळीत येऊ नये असं माझं ठाम मत आहे. टोळीची शिकार अशी असते: दहा-बारा जण ओळीने शेतातून चालतात, चार-पाच जण पलीकडच्या टोकाला अडवायला उभे. चालणारे शेवटाला आले की एकदम पंधरा पक्षी उठतात आणि पंधरा नळ्या हलतात. त्या वेळी समोर माणसं आहेत हे डोक्यात पक्कं असावं लागतं. पक्षी खाली असेल, मागे आभाळ दिसत नसेल, तर मारायचं नाही. कुत्रा उडी मारतो, समोरच्याची टोपी तिथे असते. रानोमाळ, मित्राला विचारा, किती जण आहेत. चारच्या आत असतील तर खुशाल या.

मुंग्यांचं_वारूळ
२००६ मध्ये तर टेक्सासात लाव्यांच्या शिकारीत खुद्द उपाध्यक्ष डिक चेनींनी सोबतच्या वकिलालाच छर्रे घातले होते. तेही आयुष्यभर शिकार केलेले. ओळीत राहा म्हणजे राहा.

डुलुथचा_वारकरी
+१. आणि एक पिवळी गोष्ट. वीस बोअरची काडतुसं मुद्दाम पिवळ्या रंगाची करतात. कारण वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं तर ते आत घसरून नळीत पुढे अडकतं, वरून बाराचं बसतं, आणि मग बार उडवला की नळी फुटते, हात जातो. दोन बोअरच्या बंदुका घरात असतील तर काडतुसांचे खिसे, पिशव्या, सगळं वेगळं ठेवा. एकाच बोअरवर राहिलात तर ही काळजीच नाही.

रानोमाळ
मित्राला विचारलं. 'फार नाही, चौदा-पंधरा जण असू' म्हणाला. :(

पश्चिमेचा_वारा
पुढच्या वर्षी जा.

नेवाडा_नाना
तुमच्या सपाटीवरच्या गप्पा झाल्या असतील तर आमच्याकडे या. नेवाडात चकोर आहे. हो, तोच, चांदणं पिणारा. इथे चांदणं नाही, चीटग्रास खातो. १८९३ मध्ये कराचीहून अमेरिकेत पहिल्यांदा आणला, पुढे विसाव्या शतकात आमच्या खडकाळ डोंगरांत रुजला. आणि रुबी पर्वतात हिमालयन स्नोकॉक आहे, हुंझातून आणलेला. पुण्याचा माणूस नेवाडात येऊन हिमालयातला पक्षी शोधत डोंगर चढतो.

चकोर खालून वर पळत जातो आणि वरून खाली उडतो. तुम्ही मात्र चढतच राहता. पहिल्यांदा लोक गंमत म्हणून जातात, दुसऱ्यांदा सूड घ्यायला. नवख्यांसाठी अजिबात नाही. गुडघे घरी ठेवून या.

पाटावरवंटा
शिकार कुठेही करा, शिजवायचं काय ते मी सांगते, कारण नवरा आणतो आणि मला निस्तरावं लागतं.

फेझंटला चरबी जवळजवळ नाही. ब्रॉयलरसारखं शिजवलंत तर छाती भुशासारखी लागते. छातीचे तुकडे वेगळे काढा, दही-हळद लावून अर्धा तास, मग जास्तीत जास्त काही मिनिटं तव्यावर. तंगड्या वेगळ्या. त्यांत काडीसारख्या टणक शिरा असतात. त्यांचा सुकं-खोबरं भाजून, कांदा भाजून, वाटणाचा रस्सा करा, मंद आचेवर दोन तास. शिरा मग हाताने ओढून निघतात. मटणाच्या वाटणात खसखस घालतो तशी थोडी घाला.

आणि जेवायला बसताना सगळ्यांना सांगा, सावकाश चावा. आत छर्रा राहिलेला असतो. स्टीलचा दातात आला तर दाताच्या डॉक्टरची फी शिकारीपेक्षा जास्त. शिशाची काडतुसं असतील तर जखमेभोवतीचं मांस बोटभर कापून टाका, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तर शिशाने मारलेलं देऊच नका.

कोकणातला_कावळा
पाटावरवंटा, पत्ता द्या.

डुलुथचा_वारकरी
ग्राऊजची साफसफाई मात्र रानातच, हत्याराशिवाय होते. पक्षी ताजा असतानाच पाठीवर टाकायचा, दोन्ही पंख पसरून अंगालगत बुटाने दाबायचे, दोन्ही पाय धरून सावकाश, एकाच ओढीत वर खेचायचे. कातडी, आतडी, सगळं पायांबरोबर वर येतं आणि जमिनीवर उरते ती स्वच्छ छाती, दोन पंखांसकट. पहिल्यांदा बघणारा दोन पावलं मागे सरतो. गाडीतून नेताना एक पंख पिसांसकट राहू द्या, पक्षी ओळखता यायला हवा. फेझंटच्या बाबतीत नर ओळखू येईल असं डोकं, पाय किंवा पंख ठेवावाच लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण तो सगळे विसरले.

तुम्ही उत्तरेला या. ग्रँड रॅपिड्सच्या आसपास, चिपेवा राष्ट्रीय जंगलात, वर सुपीरियरमध्ये, सरकारी रान एवढं आहे की कुणाची परवानगी मागायची वेळ येत नाही. शिकाऱ्यांसाठी आखलेल्या पायवाटा आहेत, मोटारी बंद, मधून गवत आणि क्लोव्हर पेरलेलं. सकाळी आणि दिवस कलताना ग्राऊज त्या क्लोव्हरवर येतात. हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो, पण पानं गळेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत थांबा. त्याआधी पक्षी उठल्याचा नुसता धडधडाट ऐकू येतो, दिसत काही नाही.

कुत्र्याशिवायची युक्ती: चाला, थांबा. वीस पावलं, मग अर्धा मिनिट नुसतं उभं राहा. दडलेल्या ग्राऊजला थांबलेल्या माणसाची भीती वाटते, चालणाऱ्याची नाही. उठतो तो बहुतेक तुम्ही पुन्हा पाऊल टाकताना.

एकटे या नाहीतर एक जण सोबत. वर भडक नारंगी किंवा भडक गुलाबी काहीतरी असायलाच हवं, तो इथला नियम आहे. मी टोपी आणि जाकीट दोन्ही घालतो.

पश्चिमेचा_वारा
ग्राऊज नवख्याला लागत नाही हो! झाडांत दोन सेकंद दिसतो. बिचारा रिकाम्या हाताने परत येईल आणि छंद सोडेल. त्यापेक्षा गेम फार्म बरा. पाळलेले पक्षी असले तरी कुत्रा त्यांचा, माणूस त्यांचा, पक्षी उठणार याची खात्री.

डुलुथचा_वारकरी
गेम फार्मला एकदा जा, चूक नाही. उठता पक्षी कसा दिसतो ते कळतं. पण पाळलेला फेझंट बरेचदा कुत्र्याच्या नाकापुढे बसूनच राहतो, त्यावर शिकलेला माणूस रानात गेला की त्याला पक्षी सापडेनासे होतात. रानात कुठे बघायचं हे चालूनच कळतं, आणि उत्तरेत चालायला पैसे लागत नाहीत.

आयोवाची_आत्या
दोघांच्या मधला मार्ग सांगू का? मिनेसोटाच्या पश्चिमेला, मार्शल-वर्दिंग्टनच्या पट्ट्यात फेझंट आहे. ऑक्टोबरच्या मध्याला उघडतो, रोज दोन नर, डिसेंबरात तीन. सरकारी वन्यजीव क्षेत्रं तर आहेतच, शिवाय वॉक-इन अॅक्सेस नावाची योजना आहे. तीन डॉलर लायसन्सवर वाढवून भरायचे, मग ज्या शेतकऱ्यांनी जमीन त्या योजनेत दिली आहे तिथे न विचारता चालत जाता येतं. पाट्या लावलेल्या असतात. बाकी शेतजमिनीत मात्र पाटी नसली तरी परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, इथे कायदा तसाच आहे. मोबाईलवर हद्दी दाखवणारं अॅप ठेवा. फेझंट स्टॅम्प (लायसन्सवरची जादा परवानगी) वेगळा घ्यावा लागतो, विसरू नका.

शनिवारी सकाळी सगळे येतात. मंगळवारी दुपारी रजा टाकून जा.

खोडसाळपंत
'रजेचं कारण: कोंबडा' असं पोर्टलवर लिहिता येतं का?

रानोमाळ
परवा इथल्या ट्रॅप क्लबवर (उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरतात तिथे) गेलो होतो. तिथल्या एका आजोबांनी स्वतःची बारा बोअर आणि त्यांच्या नातीची वीस बोअर, दोन्ही मारायला दिल्या. बाराने खांदा लाल. वीसने पंचवीसपैकी अकरा कबुतरं (मातीची!) फुटली, आणि वीस हलकीही होती. आता डुलुथकरांच्या पद्धतीने जाकीट घालून एक वापरलेली वीस बोअरची पंप बघून ठेवलीय, छोट्या दस्त्याची. साउथ डकोटा या वर्षी नाही, मित्राला तसं सांगितलं. ऑक्टोबरात आधी ग्रँड रॅपिड्स, मग जमलं तर मार्शल.

आता फक्त काडतुसं सांगा. दुकानात भिंतभर आहेत.

आयोवाची_आत्या
ट्रॅपलाही वीस पुरे. अकरा चांगले आहेत, तक्रार करू नका.

डुलुथचा_वारकरी
ग्राऊजला साडेसात किंवा आठ नंबरचं शिसं, नळीला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा, छर्रे किती पसरतील ते त्यावर ठरतं). लांब बार तिथे नसतोच. फेझंटला शिशाचा पाच किंवा सहा नंबर, चोक इम्प्रूव्ह्ड किंवा मॉडिफाइड.

पण मार्शलकडे जाणार असाल तर शिसं वेगळ्या पिशवीत ठेवून गाडीत सोडा. तिथल्या बऱ्याच जमिनी संघीय सरकारच्या वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या) आहेत, हिरव्या-पांढऱ्या पाट्यांच्या. तिथे फेझंटलाही शिसं चालत नाही, खिशात एक जरी सापडलं तरी दंड. त्यासाठी स्टील घ्या. स्टील हलकं, म्हणून दोन नंबरने जाड छर्रा, म्हणजे तीन किंवा चार (नंबर लहान तितका छर्रा जाड). स्टीलला फुल, म्हणजे जास्त निमुळता, चोक लावू नका. आणि वापरलेली बंदूक जुनी असेल तर दुकानदाराला विचारून घ्या, ती नळी स्टील सोसते का. जुन्या नळ्यांचा भरवसा नसतो.

रानोमाळ
विचारलं. १९९६ ची आहे, चोक स्क्रूचे आहेत, स्टील चालेल म्हणाला. शनिवारी आणतो.

नुकताच_आलेला
दादा, लायसन्स आधी की कोर्स आधी?

कलमवाचक
कोर्स. तो झाल्याशिवाय ते तुम्हाला लायसन्स देणार नाहीत, आणि लायसन्स हातात येईपर्यंत काडतुसाच्या डब्यालाही हात लावू नका.